चिमूटभर पापडखार

पापडखाराच्या डब्याचं झाकण टक्कन निघालं, आणि दुपारची निजलेली खोली दचकली.

खोली कसली दचकते! शालनच दचकली. बाकी सगळं शांत होतं. सासूबाई, भिमाबाई, दारात तोंडावर पदर घेऊन आडव्या झाल्या होत्या. पाच वर्षांची मित्रा खाटेखालच्या गार फरशीवर खेळता खेळता तिथंच लवंडली होती. बाहेर ओट्यावर जुन्या धोतरावर पापड वाळत होते आणि त्यांच्यावर टपलेले कावळेसुद्धा उन्हानं मुके झाले होते. अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या त्या चाळीत दुपारची एक वेळ अशी यायची, की नळाचं पाणी गेलेलं, पुरुष कारखान्यात, पोरं शाळेत, आणि भोंग्याला अजून अवकाश. नेमकी ती वेळ साधून शालन आपल्याच घरात चोरासारखी डब्यापुढे बसली होती.

छातीच्या हाडामागून थेट गळ्यापर्यंत नुसता जाळ चालला होता. पाचवा महिना सरत आलेला. खाली बसलं की जाळ, वाकलं की जाळ, आडवं झालं की आंबट पाणी नाकापर्यंत.

"चिमूटभर टाक पाण्यात. एक ढेकर आला की मोकळी," असं शेजारच्या अंजनीनं तिला कितीदा सांगून झालं होतं. अंजनी पापड लाटायची, शालनही लाटायची. त्या ओळीतल्या बहुतेक बायका लाटायच्या. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातली ईश्वरी अम्मा उडदाचं पीठ, मिरी, हिंग, पापडखार असं सगळं द्यायची. बायका ते घरी नेऊन तिंबायच्या, लाटायच्या आणि वाळलेले पापड परत पोचवायच्या. पापडाला हलकेपणा आणणारी ती पांढरी खारट भुकटी त्यामुळे घराघरात होती, आणि पोट गच्च झालं, करपट ढेकर आले, की बायका तीच पाण्यात टाकून पिऊन टाकायच्या. पापड फुलतो, तर पोट का मोकळं होणार नाही?

शालन मात्र आजवर प्याली नव्हती. तिला तो जाळ हवा होता.

हे सत्त्याऐंशी सालचं. आणि माणसाला जाळ हवासा वाटायला तसंच कारण लागतं. ते शालनकडे होतं. मित्रानंतर तिला एकदा दिवस गेले होते. ते असे गुपचूप चालले होते की पोटात कुणी आहे हे तिचं तिलाच आठवावं लागे. उलटी नाही, मळमळ नाही, आंबट पाणी नाही. सगळ्या चाळीनं तिचा हेवा केला. "लई गुणाचं लेकरू हाय, आईला तरास म्हणून न्हाई," भिमाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. आणि ते गुणाचं लेकरू जसं गुपचूप आलं होतं तसंच एक दिवस गुपचूप गेलं. का गेलं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. सांगितलं असेल तर शालनच्या कानात शिरलं नाही. पण मन काही उत्तरावाचून राहत नाही. तिच्या मनानं आपलं एक उत्तर काढून ठेवलं. ज्याला जगायचं असतं ते पोटात धुडगूस घालतं. जे गप्प बसतं, ते जातं.

म्हणून या खेपेला फोडणीच्या पहिल्याच वासाला ती मोरीकडे धावली, तेव्हा ओकून वर आलेल्या तिच्या तोंडावर हसू होतं. पाण्याचा तांब्या घेऊन उभी असलेली अंजनी बघतच राहिली.

"येडी का गं तू? ओकतेस काय, हसतेस काय!"

"आत आहे गं कुणीतरी," शालन म्हणाली, आणि परत वाकली.

नवरा हिरामण काडेपेटीच्या कारखान्यात होता. त्याला बिचाऱ्याला तिचं ते ओकणं बघवेना. कुणीतरी सांगितलं म्हणून तो आल्याचा तुकडा घेऊन आला, दोन लिंबं घेऊन आला. "चोखून बघ जरा. बरं वाटतं म्हणतात." शालननं लिंबं कालवणात पिळली आणि आलं चहात ठेचून तो चहा त्यालाच पाजला. बरं वाटायचं नव्हतंच तिला. मळमळ म्हणजे आतून आलेला सांगावा. आलेला सांगावा कुणी परत पाठवतं का?

चौथ्या महिन्यात मळमळ थांबली, बहुतेकींची थांबते तशी. शालनचं काळीज लकलकलं. पण लगोलग ही जळजळ सुरू झाली आणि तिला हायसं वाटलं. वर भिमाबाईंनी शिक्का मारला.

"जळजळ म्हंजी जावळ! पोटात लेकराला क्यास फुटत्यात, ते टोचत्यात, म्हणून जळतं. हिरामणच्या वक्ताला मला चुलीवानी जळत हुतं. निघाला तर काय, अस्वल! सुईण म्हनली, भिमे, याला न्हाऊ घालू का फणी करू?"

"आये, पुरे की," हिरामण लाजून म्हणायचा. आता त्याच्या डोक्यावर मोजके केस उरले होते.

झालं. तेव्हापासून छातीत भडकलं की शालन डोळे मिटून घ्यायची आणि एकेक काळाभोर केस फुटताना बघायची. रात्री बसून काढायला लागल्या तरी तिची तक्रार नव्हती. पण सोसायलाही शेवटी अंगात बळ लागतं. आज सकाळपासून गळा सोलून निघाल्यासारखा झाला होता, आणि भाकरीचा तुकडासुद्धा खाली उतरत नव्हता. एकदाच, तिनं स्वतःला सांगितलं. एकदाच, चिमूटभर.

तिनं चिमूट पेल्यात सोडली. पाणी जरासं गढुळलं. एका दमात पिऊन तिनं बोट चाटलं, आणि थोड्या वेळानं असा मोठा ढेकर आला की दारातल्या भिमाबाईंनी झोपेतच कूस बदलली.

"आई, काय पितेस?" खाटेखालून आवाज आला.

"पाणी."

"मग बोट कशाला चाटतेस?"

"नीज गप."

जाळ विझला. अगदी चुलीवर तांब्या ओतावा तसा. शालन भिंतीला टेकली, आणि कित्येक दिवसांनी तिला बसल्या बसल्या डुलकी लागली.

संध्याकाळी जेवण झालं. ती वाट बघत बसली. जळजळ नाही. पापडाचं पीठ संपलं होतं म्हणून दुसऱ्या दिवशी लाटायचं काम नव्हतं. ती आपली घरातलं आवरत राहिली, आणि आवरता आवरता कान आत लावून राहिली. छाती गार. गळा गार. पोटात अधूनमधून तिंबलेल्या पिठात बुडबुडा फुटावा तसं काहीतरी व्हायचं, ते बाळच असेल का वारा, हे अजून तिचं नक्की ठरलं नव्हतं. तोही बुडबुडा आज नव्हता.

ही शांतता तिच्या ओळखीची होती. मागच्या खेपेची होती.

दुपारी ती जेवायला बसली आणि तिनं भाकरीवर ठेचा घेतला. थोडा नाही, लिंबाएवढा. एक घास, दुसरा घास. कान तापले, नाक वाहू लागलं, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. तोंड पेटलं, ओठ पेटले. आत मात्र काही पेटेना. तिनं आणखी ठेचा घेतला.

भिमाबाई समोर बसल्या होत्या. त्यांनी तिचा हात धरला. "आगं, पोटुशी बाई तू! एवढा ठेचा? जीव द्यायचा हाय का?"

"आत्याबाई, जळत नाहीये."

"मंग बरंच झालं की."

"बरं नाही झालं." शालनचा आवाज फुटला. "मी काल पापडखार प्याले. तेव्हापासून जळत नाहीये. हलतही नाहीये काही. आत्याबाई, मी विझवलं हो त्याला."

एरवी भिमाबाईंच्या तोंडाला तोंड देणं चाळीत कुणाला जमत नसे. आता मात्र त्यांनी वाद न घालता तिचा हात सोडला. त्यांनाही ते गुणाचं लेकरू आठवलं असणार. त्यांनी ताट बाजूला सरकवलं, हात धुतले आणि दाराआडच्या चपला काढल्या.

"ऊठ. लुगडं बदल. दवाखान्यात."

मित्राला घरी ठेवायला कुणी नव्हतं, तिलाही घेतलं. कोपऱ्यावर टांगा उभा होता, पण खड्ड्यांनी सुनेला हिसका बसेल म्हणून भिमाबाई टांग्याला तयार होईनात; आणि उन्हात पायी चालवायलाही त्यांचा जीव धजेना. शेवटी पायीच निघाल्या. भिमाबाई पुढे चालायच्या, चार पावलांवर थांबून मागे वळून "दम खा" म्हणायच्या, आणि शालन दम खायला थांबली की "चल बिगी" म्हणायच्या. शालननं एक हात पोटावर ठेवला होता. पोटातल्याशी ती काही बोलत नव्हती. बोलावं आणि तिकडून काही येऊ नये, त्यापेक्षा न बोललेलं बरं.

बायकांच्या सरकारी दवाखान्यात ठोंबरे सिस्टर होत्या. उंच, हाडापेऱ्यानं मोठ्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांचा आवाज असा, की बाकावरच्या बायका नाव पुकारायच्या आधीच उभ्या राहायच्या.

"हं, काय होतंय?"

"काहीच होत नाहीये," शालन म्हणाली.

सिस्टरनी चष्म्यावरून बघितलं. "बाई गं, इथं सगळ्या काहीतरी होतंय म्हणून येतात. काही होत नाही म्हणून आलेली तू पहिलीच."

मग शालननं सांगितलं. मागचं, आताचं, पापडखार, संपलेलं पीठ, ठेचा, सगळं.  सिस्टरनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला, पावलांवर बोट दाबून सूज बघितली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या. मग तिला टेबलावर आडवं केलं आणि खणातून एक लाकडी वस्तू काढली. एका बाजूनं कर्ण्यासारखी पसरट, दुसऱ्या बाजूनं चपटी, मध्ये पोकळ.

"ही काय गारुड्याची पुंगी म्हणायची?" भिमाबाईंना राहवलं नाही.

"पुंगीच. पण नाग आत असतो, आणि मी ऐकते. आता मात्र कुणी हूं का चूं करायचं नाही. मुली, तूसुद्धा."

मित्रानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

सिस्टरनी कर्ण्याचं पसरट तोंड पोटावर टेकवलं, चपट्या बाजूला कान लावला आणि हात काढून घेतला. नुसत्या कानाच्या जोरावर कर्णा उभा राहिला. एका हातानं त्यांनी शालनच्या मनगटाची नाडी धरली. खोलीत छताचा पंखा तेवढा कुरकुरत होता. सिस्टरनी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि दारातल्या आयानं तो बंद केला.

काही नाही.

कर्णा बेंबीच्या खाली सरकला. पुन्हा कान. पुन्हा काही नाही. शालन छताकडे बघत होती. तिथं पावसाच्या ओलीचा एक डाग होता. तो डाग ती पुढं कितीतरी वर्षं विसरणार नव्हती. कर्णा डावीकडे गेला. सिस्टरचा चेहरा भिंतीकडे होता, त्यावरचं काही वाचता येत नव्हतं. कर्णा उजवीकडे, जरा खाली, ओटीपोटाच्या कडेला आला.

तिथं तो थांबला. बराच वेळ थांबला.

मग सिस्टरचा मोकळा हात हवेत चाचपडत आला, शालनच्या दंडावर टेकला, आणि त्यांचं एक बोट तिच्या कातडीवर आपटू लागलं. टप टप टप टप टप टप. भराभर, न थांबता, न अडखळता.

शालनला आधी कळेचना. सिस्टर आपल्याला गप्प राहायची खूण करतायत का? का थोपटतायत? पण थोपटणं असं नसतं. असं पळत नसतं. सिस्टरचा दुसरा हात अजून तिच्या नाडीवर होता. तिथं बोटांखाली तिची स्वतःची नाडी उडताना तिला जाणवत होती. भ्यालेली, तरी तिच्या मानानं संथ. आणि इकडे दंडावर हे दुसरंच. तिच्या दोन पट म्हणावं असं. एकाच अंगात दोन चाली. एक तिची, आणि दुसरी तिची नव्हे.

"हे..." ती म्हणाली.

 बोट चालू राहिलं. टप टप टप टप.

शालनच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांत उतरलं. कोण आहेस तू, असं तिला विचारावंसं वाटलं. मी झोपते तेव्हाही तू पळतोस? मी ठेचा खाते, रडते, तुला गेलेला समजते, तेव्हाही? ज्याला तिनं जाळानं ओळखू पाहिलं, उलट्यांनी ओळखू पाहिलं, तो त्या कशाशी संबंध नसल्यासारखा आपल्या नादात धावत होता. त्याचा काही सांगावाच नव्हता. त्याला आपलं काम होतं.

सिस्टर सरळ झाल्या. "छान आहे. घोडा आहे नुसता."

"मला," भिमाबाई म्हणाल्या. एवढाच शब्द.

सिस्टरनी त्यांना वाकवलं, कान नीट लावून दिला. भिमाबाईंनी डोळे बारीक केले, कपाळाला आठ्या घातल्या, "न्हाई ऐकू येत" म्हणायला तोंड उघडलं, आणि तसंच उघडं ठेवलं. शालनला त्यांचा तो चेहरा वरून दिसत होता. बोलक्या, भांडक्या, कुणाला न ऐकणाऱ्या त्या तोंडावरून काहीतरी उतरत गेलं, आणि खाली एका लहान मुलीचा चेहरा उरला.

"आगं बया," त्या हळूच म्हणाल्या. "पाच बाळंतपणं झाली माझी. एकाचाबी आवाज असा ऐकला नव्हता गं मी."

मग डोक्यावरचा पदर सावरून, कर्ण्यातून आत जाईल अशा बेतानं, त्या अदबीनं म्हणाल्या, "जयभीम, बाळा."

तोंड दाबून बसलेल्या मित्राच्या बोटांतून हसू फुटलं. सिस्टरनाही तोंड वळवावं लागलं.

उठून बसल्यावर शालननं विचारलं, "मग हलत का नव्हता?"

"हलतो. तुला कळत नाही. कधी बाळामागून पडते ती वार पुढच्या अंगाला असते, मग लाथ गादीवर मारल्यासारखी होते, उशिरा जाणवते. आत्ता पाचव्यात असं होतं. पुढे मात्र एकदा रोजचं हलणं कळायला लागलं आणि ते कमी वाटलं, तर वाट बघत ठेचा खात बसायचं नाही. त्याच दिवशी यायचं."

"आणि पापडखार?"

"एका चिमटीनं काही बिघडलं नाही. पण त्याची सवय नको. तो खार आहे, अंगात मीठ साठवतो, सूज आणतो, रक्तदाब वाढवतो. खायच्या सोड्याचंही तेच. जळजळीच्या गोळ्याही दुकानातून मनानं आणून गिळायच्या नाहीत. लागल्या तर डॉक्टर देतील, पोटुशीला चालणाऱ्या असतात." सिस्टरनी खुर्ची जवळ ओढली. "आता खरं सांग. दिवसभर काय खातेस?"

"काही नाही हो. सकाळी चहा, दुपारी भाकरी, रात्री भाकरी."

"मधे?"

"मधे काही नाही."

"लाट्या खाते!" मित्रा म्हणाली.

सगळ्या तिच्याकडे वळल्या. मित्राला आपण फार मोठं काहीतरी बोललो असं वाटून ती आणखी सविस्तर झाली. "पापड लाटते ना, तेव्हा तेलात बुडवून बुडवून लाट्या खाते. मलापण देते. पण मला एक देते आणि आपण पुष्कळ."

शालन लाजून लाल झाली. पापडाच्या कच्च्या पिठाची ती तेलात घोळलेली गोळी. त्या गोळीचेच डोहाळे लागले होते तिला. सिस्टर डोक्याला हात लावून हसत सुटल्या.

"अगं बाई! कच्चा उडीद, वर मिरी, हिंग, तेल, आणि पापडखारही त्यातच! आणि ते खाऊन पोळपाटावर वाकून बसतेस. पोट घडी घातल्यासारखं दाबलं की आतलं वरच येणार. कालपासून पीठ संपलंय, लाट्या नाहीत, म्हणून जळलं नाही. तू कुणाला विझवलं नाहीस. तू फक्त कालपासून लाट्या खाल्ल्या नाहीस!"

"आन् जावळ?" भिमाबाईंनी धास्तावून विचारलं. त्यांच्या शास्त्रालाच हात घातला जात होता.

"आजी, खूप जळजळवालीचं टक्कल मी या हातात घेतलंय आणि अस्वलंही घेतलीत. केस त्याचे तो बघून घेईल. सुनेला खाऊ द्या. थोडं थोडं, पण दर थोड्या वेळानं. पोट तुडुंब नको आणि रिकामंही नको. पाणी जेवताना ढसाढसा नको, मधे मधे घोट घोट. जेवली की लगेच आडवी नको. झोपताना डोक्याकडची बाजू उंच, कूस डावी. तिखट-तळलेलं आणि चहा कमी. जळलंच तर गार दूध घोटभर. मळमळ परत आली तर उठायच्या आधी अंथरुणातच चार कुरमुरे चावायचे, आल्याचा लहानसा तुकडा चोखायचा."

आल्याचं नाव निघताच शालनला हिरामणला पाजलेला चहा आठवला, आणि तिनं मान खाली घातली.

"आणि हे नीट ऐका," सिस्टरचा आवाज पुन्हा बाकावरच्या बायकांना उभं करणारा झाला. "पाणीसुद्धा पोटात ठरेना, लघवी कमी किंवा गडद व्हायला लागली, उलटीत रक्त दिसलं, डोकं ठणकून दुखलं, तोंडाला-हाताला सूज आली, बरगडीखाली कळ आली, तर ते साधं नव्हे. घरात काही पीत बसायचं नाही. इथं यायचं. त्रास सोसला म्हणून बाळ बळकट होत नाही गं. आई बळकट लागते."

परत येताना भिमाबाई दवाखान्याबाहेरच्या एका टांग्यापाशी थांबल्या, आणि म्हणाल्या, "घोडा हाय म्हणत्यात. बस. त्याला काय हुतंय हिसक्यानं." सगळा रस्ता त्या टांगेवाल्याला, त्याच्या घोड्याला आणि रस्त्यातल्या ओळखीच्या प्रत्येक बाईला सांगत होत्या, की आपण आज नातवाशी बोलून आलो.

हिरामण पाळीवरून आला तेव्हा त्याला चहाच्या आधी विटा आणायला पाठवलं. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा गेल्या आणि खाट उतारावर आली; पहिल्या दिवशी शालन घसरत घसरत पायथ्याला पोचली, मग पायाशी वळकटी लावली. उशाला कुरमुऱ्यांचा डबा आला. तो मित्रापासून राखायला भिमाबाई बसल्या, आणि लाट्यांपासून शालनला राखायला मित्रा. पोळपाट जमिनीवरून उठून लाकडी स्टुलावर गेला. शालन पाटावर ताठ बसून लाटू लागली. ईश्वरी अम्मा पीठ बघायला आली तेव्हा तो थाट बघून गालावर बोट ठेवून उभी राहिली.

"अरी शालन, ये क्या, पापडला पण सिंहासन?"

"अम्मा, सिस्टर बोली, झुकनेका नही."

"सही बोली. मी पण चार पोरं पोटात घेऊन झुकत राहिली. कुणी बोललंच नाही." अम्मानं हात लांबवून शालनच्या पोटावर अलगद ठेवला, आणि पीठ बघायचं राहूनच गेलं.

जळजळ पुरती गेली नाही. अधूनमधून यायची. पण आता शालन तिला बाळाचं बोलणं समजत नव्हती. गार दुधाचा घोट घ्यायची, उशी उंच करायची आणि निजायची. सातव्यात लाथा कळायला लागल्या, गादीआडून का होईना. आणि दवाखान्यात गेली की सिस्टर न सांगताच तिच्या दंडावर बोट वाजवून दाखवायच्या.

हे सगळं मित्रानं बघून ठेवलं होतं. नवव्यातल्या एका दुपारी, चाळ अशीच निजलेली असताना, ती पितळी फुलपात्र घेऊन आली.

"आई, मी सिस्टर. तू आडवी हो. हूं का चूं करायचं नाही."

शालन हसून डाव्या कुशीवरून जरा उताणी झाली. मित्रानं फुलपात्राचं तोंड पोटावर टेकवलं, बुडाला कान लावला. काही नाही. फुलपात्र इकडे केलं, तिकडे केलं. मग ते बाजूला ठेवून तिनं सरळ आपला कानच पोटाच्या उजव्या कडेला, खाली, चिकटवला. ऐकता ऐकता तिनं डोळे मिटून घेतले. शालनला वाटलं, झोपली.

तेवढ्यात मित्राचा हात चाचपडत तिच्या दंडावर आला. छोटंसं बोट कातडीवर पडू लागलं. टप टप टप टप.

खेळ असेल, असं शालनला वाटलं. पण बोट थांबेना, अडखळेना. मित्राचा चेहरा तिनं बघितला. तोच तो चेहरा, कर्ण्यावर वाकलेल्या भिमाबाईंचा. शालननं श्वास धरून ठेवला. बाहेर ओट्यावर पापड वाळत होते, आणि आत एक लेक दुसऱ्या लेकराचं काळीज आईच्या दंडावर वाजवून दाखवत होती.

बऱ्याच वेळानं मित्रानं डोकं वर केलं. गालावर आईच्या लुगड्याची नक्षी उमटली होती.

"आई, हे थांबतच नाही?"

"नाही."

"तू झोपल्यावर पण?"

"झोपल्यावर पण."

"आजीला पण असंच आहे? बाबांना? अम्माला?"

"सगळ्यांना."

शालनला बरं वाटत होतं. लेकीच्या प्रश्नांना आज तिच्याकडे उत्तरं होती, आणि ती सगळी खरी होती. मित्रानं पुन्हा कान टेकवला, पुन्हा ऐकलं, आणि कान न उचलताच, आत कुणी ऐकेल म्हणून की काय, अगदी हळू आवाजात विचारलं,

"मग आई, याला पहिल्यांदा 'चालू हो' असं कुणी सांगितलं?"